शिलारसातून सुटलेले पाणी आणि धातूंचे साठे

भूकवचाच्या वरच्या थरात तांब्याचे प्रमाण दर 10 लाख भागांत साधारण 30 भाग एवढेच असते. ज्या खडकातून तांबे काढणे परवडते, त्यात मात्र ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे दीडशे पटींहून अधिक असावे लागते. खनिजसाठा म्हणजे विखुरलेल्या धातूचे एका जागी झालेले हे संचयन होय. हे काम बहुतेक वेळा गरम, खारट पाणी करते. त्यातले शिलारसातून, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातून, बाहेर पडणारे पाणी हा आजचा विषय आहे.

शिलारसात पाणी असते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो तेथे, खाली जाणाऱ्या पट्टातील खनिजांत बांधलेले पाणी सुटून वरच्या प्रावरणात (भूकवचाखालच्या खडकांच्या थरात) शिरते, तेथील खडकाचा वितळणबिंदू खाली आणते आणि तयार झालेल्या शिलारसात मिसळते. अशा शिलारसात वजनाने 4 टक्के किंवा त्याहून अधिक पाणी असू शकते. ते विरघळलेले राहते ते केवळ दाबामुळे. शिलारस वर चढून काही किलोमीटर खोलीवर थबकला, की दाब घटतो आणि पाणी वेगळे होऊ लागते. पुढे तो थिजताना फेल्डस्पार, क्वार्ट्झ यांसारखी जवळपास निर्जल खनिजे आधी स्फटिकरूप घेतात आणि उरलेल्या रसात पाणी दाटत जाऊन तेही अखेर बाहेर पडते. या दुसऱ्या प्रक्रियेला भूवैज्ञानिक ‘दुसरे उकळणे’ म्हणतात. तापमान उतरत असताना उकळणे, हा विरोधाभास मला नेहमीच मोहक वाटत आला आहे.

बाहेर पडणारे पाणी क्लोरीन आणि गंधक सोबत घेते. तांबे, जस्त, शिसे हे धातू क्लोराइडशी संयुग करून प्रवास करतात. सोने अनेकदा गंधकाच्या आधाराने जाते. येथे एक साधा हिशेब करून पाहावा. एक घन किलोमीटर शिलारसाचे वजन सुमारे अडीच अब्ज टन भरते. त्यात 10 लाखांत 50 भाग तांबे धरले, तर एकूण तांबे सव्वा लाख टन होते. म्हणजे 1 कोटी टन तांब्याच्या साठ्यासाठी, सगळे तांबे हाती लागले असे मानूनही, 80 घन किलोमीटर शिलारस हवा. खाणीत दिसणारा लहानसा अंतर्वेधी खडक, म्हणजे इतर खडकांत घुसून थिजलेला शिलारस, एवढे तांबे देऊ शकत नाही. तो केवळ खालच्या प्रचंड कोठीचे धुराडे असतो.

मात्र धातू आणणे ही अर्धीच गोष्ट झाली, आणि माझ्या मते सोपी अर्धी. तो ठरावीक पट्ट्यातच का उतरतो, हा खरा प्रश्न आहे. कोंडलेल्या द्रवाचा दाब छतावरच्या खडकाच्या ताकदीपेक्षा वाढला, की खडक असंख्य भेगांनी फुटतो. दाब एकदम घसरतो आणि द्रवाचे दाट खारे पाणी व विरळ वाफ असे दोन भाग होतात. तापमान 400 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरताना सल्फर डायऑक्साइडची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सल्फाइड व सल्फ्युरिक आम्ल तयार होते. पहिल्यातील गंधक तांबे व लोह यांना बांधून चालकोपायराइट हे तांब्याचे खनिज घडवतो. दुसरे भोवतालच्या फेल्डस्पारला खाऊन त्याचे अभ्रक व चिकणमाती करते. बदललेल्या खडकाची ही वलये साठ्यापेक्षा कितीतरी मोठी असल्यामुळे शोधकांना ती आधी सापडतात. लोवेल आणि गिल्बर्ट या भूवैज्ञानिकांनी 1970 मध्ये या वलयांची मांडणी दाखवून दिली. युटाहमधील बिंगहॅम कॅन्यन आणि चिलीतील एल तेनिएंते येथील साठे याच जातीचे आहेत.

द्रव चुनखडकात शिरला तर त्याच्याशी अभिक्रिया होऊन स्कार्न नावाचा बदललेला खडक बनतो. त्यात टंगस्टन, लोह किंवा तांबे मिळते. पृष्ठभागाजवळ पोहोचलेला द्रव उकळला, की हायड्रोजन सल्फाइड वाफेबरोबर निघून जातो आणि आधार गेलेले सोने क्वार्ट्झच्या शिरांत उतरते.

हे सारे ओळखायचे कशावरून? ब्रिटिश भूवैज्ञानिक हेन्री सॉर्बी यांनी 1858 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकांत अडकलेले द्रवाचे थेंब अभ्यासले. थेंबात बुडबुडा असतो. स्फटिक तापवत नेल्यास तो ज्या तापमानाला नाहीसा होतो, त्यावरून द्रव अडकला तेव्हाचे किमान तापमान कळते. काही थेंबांत मिठाचा इवलासा घन ठोकळाही दिसतो, कारण ते पाणी समुद्रापेक्षा दहापट किंवा त्याहून अधिक खारट होते.

कुरिल बेटांवरील कुद्रियावी ज्वालामुखीच्या तप्त वायुमुखांपाशी 1990च्या दशकात रेनियम या दुर्मीळ धातूच्या सल्फाइडचे शुद्ध खनिज आढळले. तेथे धातू आजही वर येत आहे. पण वाट मोकळी असल्याने त्याचा बराचसा भाग वायूंबरोबर हवेत निघून जातो.