कुडाची भिंत, ड्रोनची दांडी

(दृश्य: यवतमाळ जिल्हा, एप्रिलची दुपार. कुडाची जुनी भिंत, अगदी जवळून.)

आत तुराट्या, वरून शेण-मातीचं लिंपण. लिंपण भेगाळलंय, भिंत मात्र उभी आहे, कारण तुराट्या शाबूत आहेत. याच घराच्या ओसरीत फवारणीचा ड्रोन ठेवलाय. त्याच्या काळ्या दांड्या कार्बन फायबरच्या. घडण म्हणाल तर या भिंतीच्याच जातकुळीची.

तुराटीच्या जागी कार्बनचा तंतू, जाडी साधारण ७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी. लिंपणाच्या जागी इपॉक्सी रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट पदार्थ. असे पातळ थर एकावर एक बसवलेले, काहींचे तंतू लांबीच्या दिशेने, काहींचे आडवे. भार तंतू पेलतात, त्यांना जागेवर धरून ठेवतं रेझिन.

(दृश्य: भेगाळलेलं काळं वावर.)

पहिली भेग पडते ती रेझिनमध्ये, आणि तीही बहुधा आडव्या थरात. दांडी तापवून घट्ट करतात. थंड होताना रेझिन आकसू पाहतं, पण तंतू लांबीत जवळजवळ आकसतच नाही. म्हणजे ड्रोन एकदाही उडायच्या आधी आत ओढाताण सुरू झालेली असते. वर भार आला की दोन तंतूंच्या मधली पकड सुटते. एक भेग, तिच्यापासून काही अंतरावर दुसरी, मग तिसरी. शेवटी त्या ठरावीक अंतरावर येऊन थांबतात. वावरातल्या भेगाही अशाच अंतर राखून पडतात, पाहा.

इथवर दांडी काम देते. खरा घात पुढे आहे. भेगेचं टोक शेजारच्या थराला भिडतं, तिथे तंतूंची दिशा बदललेली असते, म्हणून ती आडवी वळते आणि दोन थरांच्या मधून सरकत जाते. थर सुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही.

मागच्या हंगामात हा ड्रोन धुऱ्यावरच्या बाभळीला घासला. दांडीवर टिकलीएवढा डाग, बस्स. चालवणाऱ्या पोराने रुपयाचं नाणं घेतलं आणि दांडीवर टकटक करत निघाला. ओसरीतून आजी म्हणाली, "मडकं घेऊन रायला का बे?"

टण, टण, टण... आणि डागाजवळ आवाज बसला. बद्द. त्याने खडूने खूण केली: बाहेर टिकली, आत चार बोटं.

उडताना पंखा दांडीचं टोक वर ओढतो, त्यामुळे तिची वरची बाजू दाबली जाते. बांधलेली तुराट्यांची मोळी दाब सोसते. सुटी तुराटी लगेच वाकते. सुटलेल्या थरांचंही तेच, आणि मग तंतू तुटतात ते एका झटक्यात, पूर्वसूचना अशी फारशी मिळतच नाही. वरून रेझिन चोपडून भागत नाही, फट आतली आहे.

(दृश्य: परसबाग.)

पोराने दांडी बदलली. जुनी आता दोडक्याच्या वेलाला टेकू आहे.