विषय क्रमांक चौदा

मंडळी, नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला प्रेक्षक म्हणून जाऊन बसलेले तुमच्यात किती जण आहेत? दोनच हात दिसतायत, आणि त्यातला एक पत्रकारांचा. मी नगररचना खात्यात नोकरी केली, त्यामुळे मला ह्या सभा चुकल्या नाहीत. आज कलमांची उजळणी करायची नाही. एका विषयाची हकीकत सांगतो. गावाचं नाव सांगणार नाही, विचारूही नका.

विषयपत्रिकेवरचा चौदावा विषय. भाषा नेहमीचीच: '११ आर क्षेत्र शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणेबाबत आलेल्या अर्जावर विचार करणे.' अर्जदार निवृत्त शिक्षक, आपण गुरुजीच म्हणू. हद्दवाढीत त्यांचं रान नगरपरिषदेत आलं, पण विकास योजनेच्या नकाशावर त्याला रंग लागला हिरवा. समोरच्या डांबरी रस्त्यापलीकडे पिवळा, म्हणजे रहिवास. तिकडे दोन मजली घरं, इकडे गुरुजींची ज्वारी. गावातल्या वाड्यात तीन भावांचे संसार मावेनात, म्हणून त्यांना इथे घर बांधायचं होतं. मागणी काही वावगी नव्हती.

तेराव्या विषयावर, म्हणजे पथदिव्यांच्या बिलावर, पाऊण तास खडाजंगी झाली. चौदावा पुकारला तेव्हा नेमका चहा आला. एकानं सुचवलं, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, 'सर्वानुमते मंजूर'. कपबशीचा आवाज जास्त झाला. नकाशा कोणी उघडला नाही. गुरुजी मागच्या बाकावर होते, बाहेर येऊन त्यांनी पेढे वाटले. मलाही दिला. तो हातात धरूनच मला त्यांना सांगावं लागलं, की गुरुजी, अजून काहीच मंजूर झालेलं नाही.

इथे आपल्याकडे फार मोठा घोळ आहे. लोक येतात आणि म्हणतात, 'साहेब, एनए झालंय, आता झोन कशाला?' बिनशेतीचा कागद महसूल खात्याचा. झोन, म्हणजे नकाशावरचा हिरवा-पिवळा विभाग, ठरतो विकास योजनेवरून. आणि बांधकाम परवानगी मिळते नगरपरिषदेकडून, ती मागताना सातबाऱ्याबरोबर झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे योजनेच्या नकाशातला तेवढाच तुकडा, लागतोच. तीन दारं आहेत, एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. कोणी म्हणतो, साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं कायदाच मानतो ना? मानतो, पण बांधकाम योजनेला आणि नियमांना धरून असेल तरच. हिरव्यात घर मागाल आणि दिवस मोजत बसाल, तर ते तुमच्या उपयोगाचं नाही. ह्याच अज्ञानावर एजंटांची पोटं भरतात. 'पुढच्या वर्षी यलो होणार आहे' असं सांगून गुंठा गुंठा विकतात. अशी परवानगीशिवाय तुकडे पाडून झालेली वस्ती, म्हणजे गुंठेवारी, नियमित करायला २००१ साली कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी पुढे ओढावी लागली, ते उगाच नाही.

आता सभेचा ठराव म्हणजे नेमकं काय? आपला नगररचना कायदा १९६६ चा. त्याचं कलम ३७ म्हणतं, की मंजूर योजनेत फेरबदल करता येतो, मात्र त्यानं योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. त्यासाठी राजपत्रात सूचना काढायची, हरकती घ्यायला महिनाभराची मुदत द्यायची, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐकायचं, मग प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. शेवटचा शब्द शासनाचा. सभेनं फक्त गाडीला किक मारलेली असते. पण माझं मत विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं काम ह्या पहिल्या पायरीवरच व्हायला हवं, कारण जागा पाहिलेली माणसं गावातच असतात. मंत्रालयात पोचतो तो कागद.

सभेत सगळे काय बघतात? अर्जदार कोण, माणूस कसा, आपल्या वॉर्डातला आहे का. गुरुजींनी अर्ध्या नगरसेवकांना चौथीत शिकवलेलं. नाही कोण म्हणणार? पण झोन माणसाला लागत नाही, जमिनीला लागतो. उद्या गुरुजींनी ती जमीन विकली तरी पिवळा रंग तिथेच राहतो, आणि शेजारचा दुसऱ्याच महिन्यात अर्ज घेऊन येतो: त्यांना दिलंत, मला का नाही? उलट टोकाचं उदाहरणही आहे. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. रहिवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९१ साली जिंकले. रुग्णालय वाईट असतं म्हणून नव्हे. ती जागा लोकांच्या बागेची होती आणि सत्तेवरच्या कोणाच्या मर्जीनं ती अशी देता येत नाही, म्हणून.

असो. आपल्या प्रकरणात सूचना निघाली. महिनाभरात हरकत आली ती एकच, वहीच्या पानावर. उताराला राहणाऱ्या एका आजींची. त्यांना नोटीस गेलेली नव्हती, कारण त्यांचं घर गुरुजींच्या बांधाला लागून नव्हतं. नातवानं पेपरात वाचून दाखवलं म्हणून कळलं. सुनावणी मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात झाली, मीही होतो. आजी खुर्चीवर बसल्याच नाहीत. म्हणाल्या, 'मास्तरांशी माझं वाकडं नाही. पण त्यांच्या रानात पाणी थांबतं म्हणून माझ्या घरात येत नाही. तिथं भराव टाकला की ते कुठं जाणार?'

कोणी काही बोलेना. मी भाग नकाशा पसरला. ओढ्याची रेघ गुरुजींच्या जमिनीच्या मागच्या कडेनं जात होती, केसाएवढी बारीक. नदी असती तर निळी आणि लाल पूररेषा तरी आखलेली असती, पंचवीस वर्षांतल्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल. ह्या ओढ्याला कसली रेषा! दुसऱ्या दिवशी आम्ही जागेवर गेलो. जुलै होता. मागच्या बाजूला ज्वारीच्या धाटांना गुडघ्याएवढ्या उंचीवर गाळाचा पट्टा चिकटलेला होता, सरळ, जणू पट्टी धरून आखलेला. गुरुजी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, 'मी घर पुढेच बांधणार होतो. मागचं राहू दे तसंच.'

पुढे प्रस्तावात दुरुस्ती झाली. रस्त्याकडचा भाग रहिवासात घ्यावा, ओढ्याकडची पट्टी शेतीतच ठेवावी आणि तिथे भराव घालू नये, अशी शिफारस गेली. तसा दुरुस्त प्रस्ताव पाठवायला कायद्याची आडकाठी नाही. हे चहाच्या आधी, सभेतच झालं असतं तर गुरुजींचं एक वर्ष वाचलं असतं. कोणीतरी पावसाळ्यात तिथे एक चक्कर मारायला हवी होती, एवढंच.

ती फाइल पुढे कुठवर गेली म्हणाल, तर मी निवृत्त झालो तेव्हा ती शासनाकडून एक शेरा घेऊन परत आली होती: 'ओढ्याची जागेवरील रुंदी नमूद करावी.' मोजणीला गेलो तेव्हा फितीचं दुसरं टोक आजींच्या नातवानं धरलं होतं.