विसावं गुणसूत्र

मुलगा होणार की मुलगी, हे कशानं ठरतं? आज शाळेच्या पुस्तकात याचं उत्तर दोन ओळींत मिळतं. १९०० साली मात्र ते कोणाकडेच नव्हतं. आईचा आहार, गर्भाला मिळणारी ऊब, पोषण यांवर ते ठरतं, असं भलेभले शास्त्रज्ञ मानत. हे उत्तर ज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजून काढलं, त्या नेटी मारिया स्टीव्हन्स यांच्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

नेटींचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेत, व्हरमाँट राज्यातल्या कॅव्हेंडिश या गावी झाला. वडील सुतार. त्या काळी शिकलेल्या मुलीपुढे एकच वाट असायची, ती म्हणजे शाळामास्तरीण होण्याची. नेटी त्याच वाटेनं गेल्या. शरीरक्रियाशास्त्र, प्राणिशास्त्र, गणित, इंग्रजी, लॅटिन असं सगळं त्या शिकवत. मधेच वेस्टफील्डच्या अध्यापक विद्यालयात जाऊन चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला आणि पुन्हा नोकरीला लागल्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या असलेल्या नेटींच्या विज्ञानशिक्षणाला अजून दहा वर्षं अवकाश होता.

१८९६ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातलं. वर्गातली बाकीची मुलं विशीच्या आसपासची असणार. पहिली ओढ शरीरक्रियाशास्त्राची होती. मग उन्हाळ्याच्या सुट्ट्या पॅसिफिक ग्रोव्हच्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत जाऊ लागल्या आणि त्या पेशींकडे वळल्या. १९०० मध्ये एम.ए. होऊन त्या ब्रिन मॉर कॉलेजात आल्या. मुलींचं हे कॉलेज फिलाडेल्फियाजवळच, १८८५ मध्ये सुरू झालेलं. तिथं टॉमस हंट मॉर्गन शिकवत होते. कॉलेजनं नेटींना युरोपातही पाठवलं. नेपल्सच्या प्राणिशास्त्र केंद्रात आणि जर्मनीत वुर्त्सबुर्गला थिओडोर बोव्हेरी यांच्याकडे त्यांनी काम केलं. गुणसूत्रांवर, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या धाग्यांवर, काम करणारा त्या वेळी बोव्हेरींच्या तोडीचा माणूस क्वचितच होता.

१९०३ मध्ये डॉक्टरेट मिळाली, पण पोटापाण्याचं काय? त्यांनी कार्नेगी संस्थेकडे मदतीसाठी अर्ज केला. मॉर्गन यांनी शिफारस करताना लिहिलं की, गेल्या बारा वर्षांत संशोधनात इतका समर्थ आणि स्वतंत्र विद्यार्थी मला मिळालेला नाही. पैसे मिळाले आणि काम सुरू झालं.

कामासाठी त्यांनी काय निवडलं, ते बघा. वाळवी, झुरळ, मावा, एक नाकतोड्याच्या जातीचा किडा आणि पिठात होणाऱ्या अळीचा भुंगेरा. आपण पीठ चाळताना जी अळी नाक मुरडून बाहेर टाकतो, तिच्याच जातकुळीतली ही अळी. नराचं वृषण काढायचं, त्याचे अतिशय पातळ काप करायचे, ते रंगवायचे आणि विभागणीच्या ऐन घडीला सापडलेल्या पेशीतली गुणसूत्रं मोजायची. ती एकमेकांवर पडलेली असतात, वाकडीतिकडी असतात. एकच पेशी पुन्हा पुन्हा बघावी लागते.

भुंगेऱ्याच्या मादीच्या पेशीत २० गुणसूत्रं दिसली, सगळी मोठी. नराच्या पेशीतही २०च होती. पण त्यांतली १९ मोठी होती आणि विसावं अगदी चिमुकलं.

आता पुढचं गणित. शुक्राणू तयार होताना निम्मी गुणसूत्रं एकात जातात, निम्मी दुसऱ्यात. म्हणजे अर्ध्या शुक्राणूंत दहाही मोठी, आणि उरलेल्या अर्ध्यांत नऊ मोठी नि ते एक चिमुकलं. मादीच्या अंडपेशी मात्र सगळ्या एकसारख्या, दहा मोठ्या गुणसूत्रांच्या. तेव्हा मादीच्या पेशीतली वीस मोठी गुणसूत्रं जुळायची, तर शुक्राणू पहिल्या प्रकारचाच आलेला असला पाहिजे. नरासाठी दुसऱ्या प्रकारचा. म्हणजे फरक पडतो तो बापाकडून येणाऱ्या अर्ध्या हिश्श्यात. जोडीतल्या मोठ्या गुणसूत्राला एक्स आणि चिमुकल्याला वाय ही नावं नंतरची. १९०५ च्या प्रबंधात नेटींनी आकडे मांडले, आकृत्या दिल्या आणि या किड्यात लिंग गुणसूत्रांवरून ठरतं असं दिसतं, एवढंच म्हटलं. सगळ्या प्राण्यांना ते लागू आहे, असं म्हणायला त्या तयार नव्हत्या. पुढची वर्षं त्यांनी एकामागून एक किडे तपासण्यात घालवली. मला त्यांचा हा संयम फार मोठा वाटतो.

माणसांतही हा फरक बापाकडूनच येतो, दोष मात्र आईला लागतो. माझ्या आजीला पाच मुली. पाचवीच्या बारशाला घरातलं माणूस फिरकलं नाही, हे आजी अगदी म्हातारपणीही सांगायची. ती पाचवी मावशी जन्मली तोवर नेटींचा प्रबंध छापून चाळीस वर्षं होऊन गेली होती. साताऱ्यात मुलींची नावं ‘नकुशी’ ठेवत आणि ती बदलण्याची मोहीम २०११ मध्ये घ्यावी लागली. वर्गात हा धडा शिकवताना फळ्यावर २० आणि १९ अधिक १ लिहिलं की मला आजी आठवायचीच.

एडमंड विल्सन यांनीही त्याच १९०५ मध्ये, वेगळ्या किड्यांवर काम करून, याच दिशेचा शोध प्रसिद्ध केला. ते नामवंत होते, म्हणून पुस्तकांत पुष्कळदा त्यांचंच नाव आलं. मॉर्गन यांना तर तेव्हा गुणसूत्रांचा हा सिद्धान्तच पटत नव्हता. १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांची फळमाशी हाती आल्यावर त्यांचं मत बदललं. १९३३ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांच्या कामाचं मोल मी कमी लेखत नाही. पण नेटींच्या निधनानंतर लिहिलेल्या लेखात त्यांनी नेटींच्या चिकाटीचं कौतुक केलं आणि तपशिलातून मोठं काही पाहण्याची प्रेरणा त्यांच्यात कधीकधी कमी पडे, अशी पुस्तीही जोडली, ते मला बोचतं. ते मोठं काही नेटींनी मॉर्गन यांच्या पाच वर्षं आधी पाहिलं होतं.

ब्रिन मॉरमध्ये त्या अखेरपर्यंत साहाय्यक दर्जाच्याच पदावर होत्या. शेवटी कॉलेजनं त्यांच्यासाठी म्हणून संशोधन प्राध्यापकाचं पद निर्माण केलं. ते स्वीकारण्याआधीच, ४ मे १९१२ रोजी, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगानं त्या गेल्या. वय ५०. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचे दोन निबंध छापून आले होते. एकात त्यांनी डासांची गुणसूत्रं तपासली होती, दुसऱ्यात गिनीपिगची.