सांडपाण्याच्या मागावर

(दृश्य: पहाट. उथळ, विस्तीर्ण तळं. जाळं ओढणारी माणसं.)

कमरेइतक्या पाण्यात उतरून मच्छीमार जाळं ओढतायत. घेर आवळत येतो तसं आतलं पाणी उसळायला लागतं. रोहू, कटला, मृगळ. काठावर ॲल्युमिनियमच्या हंड्या मांडून ठेवल्यात. पाण्यासकट त्यांत भरलेले मासे जिवंतच कोलकात्याच्या बाजारात पोचतील. आणि ज्या पाण्यात ते वाढले, ते पाणीही कोलकात्याचंच. गटारांतून आलेलं.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम बंगाल सरकारच्या सेवेतले अभियंते ध्रुवज्योती घोष एका प्रश्नाच्या मागे लागले होते. एवढ्या मोठ्या शहराचं सांडपाणी शेवटी जातं कुठे? ते कालव्याच्या कडेकडेने चालत निघाले. कोलकात्याचा उतार हुगळी नदीकडे नाही, उलट पूर्वेला आहे. पाणी पूर्वेला वाहत होतं, म्हणून घोषही पूर्वेला गेले. तिथे त्यांना ही तळी भेटली. बंगालीत त्यांना भेरी म्हणतात.

(दृश्य: हिरवट पाणी, जवळून.)

हा हिरवा रंग नीट पाहा. तळं उथळ, त्यामुळे ऊन खोलवर पोचतं. जिवाणू घाण कुजवतात, त्या खतावर सूक्ष्म शेवाळ वाढतं, शेवाळ दिवसभर प्राणवायू सोडतं आणि तोच जिवाणूंच्या कामी येतो. शेवाळ माजलं तर मात्र पाणी मरतं. ते माजू न देण्याचं काम माशांचं. आणि काठाला दिसतेय ती जलपर्णी. पुण्यात मुळा-मुठेवर ती पसरली की आपण तिच्या नावाने बोटं मोडतो. इथे तिला मुद्दाम काठाशी अडवून ठेवलंय, लाटांनी बांध खचू नये म्हणून. हे सगळं बसवलं मच्छीमारांनी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून.

शुद्धीकरण केंद्रं बांधायचं शिक्षण घेतलेल्या माणसाने हे ओळखलं, की केंद्र इथे आधीच चालू आहे. इथे काही बांधायचं नाही, आहे ते राखायचं, असं ठरवणं अभियंत्याला किती जड गेलं असेल! माझ्या लेखी त्यांचं सर्वांत मोठं काम तेच.

राखणं सोपं नव्हतं. सॉल्ट लेक हे उपनगर अशीच तळी बुजवून उभं राहिलं होतं, आणि भराव पुढे सरकतच होता. घोष यांनी पाणथळीची पाहणी केली, नकाशा तयार करवून घेतला, परिसंस्थाशास्त्रात पीएचडी केली. 1992 साली कलकत्ता उच्च न्यायालयाने इथल्या जमिनीचा वापर बदलायला मनाई केली. 2002 मध्ये 12,500 हेक्टरांचा हा परिसर रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आला, 2006 मध्ये त्याच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. घोष 2018 मध्ये गेले. अतिक्रमणं मात्र थांबलेली नाहीत. या बांधावर उभं राहिलं की उंच इमारती दिसतात, आणि जीव खालीवर होतो.

(दृश्य: बांधातलं लाकडी दार उचललं जातं.)

हंड्या बाजाराकडे गेल्या. आता तळ्यात नवं पाणी घ्यायचंय. कोलकात्याच्या मोऱ्यांतून निघालेलं काळसर पाणी हळूहळू आत शिरतंय. एक मच्छीमार गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याचा रंग पाहतोय. पुरे झालं, असं त्याने हाताने खुणावलं. दार खाली आलं.