ठाण्यात खाडी कुठंय?

(सकाळ. ठाणे स्टेशनचा पूल, गर्दी.)

ठाणं हे बंदर आहे असं म्हटलं, तर खुद्द ठाणेकरच हसेल. पाहुणे आले की आम्ही त्यांना तलाव दाखवतो, नाहीतर मॉल. खाडी दिसते ती लोकलमधून, कळव्याकडं जाताना, तीही दारात उभं राहायला मिळालं तर. पण शिलाहारांच्या काळात हे श्रीस्थानक होतं. तेराव्या शतकात मार्को पोलोनं ‘ताना’ची नोंद केली, तीसुद्धा इथं जहाजांतून येणाऱ्या घोड्यांसकट.

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी, १४ डबे, ३४ किलोमीटर, इथं येऊन थांबली. हे शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे, म्हणून आपण पश्चिमेला बाहेर पडू. पोटात काही नाही अजून.

(मिसळीची ताटली, अगदी जवळून.)

तहसील कचेरीजवळची ही मामलेदार मिसळ. नाव कचेरीवरून पडलं. टेबलावर अनोळखी माणसाच्या शेजारी बसावं लागतं, आणि तिखट की मध्यम हे चटकन सांगावं लागतं. तर्रीचा तवंग बघा, खालचं फरसाण दिसतच नाही. पहिल्यांदा आला असाल तर मध्यम सांगा, लाजू नका. तिखट मागून ताकावर ताक पिणारे शूरवीर इथं रोज दिसतात.

नाकातलं पाणी पुसून चला तुरुंगाकडं. हो, तुरुंगच. हा मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला आणि तो पुरा व्हायच्या आत, १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. १७७४ मध्ये इंग्रज आले आणि किल्ल्याचं पुढं कैदखान्यात रूपांतर झालं. आत जाता येत नाही, तट बाहेरूनच बघायचा. पण गोष्ट ऐकत बघायचा.

१८१६ साली इथं पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे कैदेत होते. पहाऱ्यावर गोरे शिपाई. सांगतात की एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता रोज गाणी म्हणायचा. गाणी मराठीत, आणि त्यातच पळायचा सगळा बेत. पहारेकऱ्यांना कळणार काय? त्रिंबकजी सप्टेंबरात पसार झाले. मराठी न येण्याची एवढी मोठी शिक्षा ठाण्यात दुसऱ्या कुणाला झाली नसावी.

याच तटाच्या आत १९ एप्रिल १९१० ला, नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधासाठी, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. इथं जरा वेळ थांबायला हरकत नाही.

(मासुंदा तलाव, दुपारचं ऊन.)

तलावपाळी. काठावर कौपिनेश्वर, मूळचं शिलाहारकालीन. आजचं देऊळ पेशवाईतलं, १७६० च्या सुमाराचं. पिंड एवढी मोठी आहे की नवखा माणूस आत शिरताच थबकतो. बाहेर जांभळी नाक्याचा बाजार, मागं वळलं की टेंभी नाक्याला बेने इस्रायली ज्यूंचं १८७९ चं सिनेगॉग. शनिवारी तेल न गाळणारे म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांचं हे प्रार्थनास्थळ. घरात मराठीच बोलणारी माणसं.

नौपाड्यात गजानन वडापाव लागतो. वडा ठीक, पण माणसं येतात ती पिवळ्या, पातळ बेसनाच्या चटणीसाठी. ती पुन्हा मागायला संकोच करू नका, सगळेच मागतात.

आता खाडी. स्टेशन ओलांडून पूर्वेला चेंदणी कोळीवाडा. कोळ्यांचं हे गाव जुनं, लोहमार्ग नंतर आला. इथल्या रस्त्याचं नावच मीठबंदर. मिठागरांची आठवण तेवढी त्या पाटीत उरली आहे. सुकटीचा वास आला की समजा, पाणी जवळ आहे.

फ्लेमिंगो बघायचे असतील तर मात्र ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ऐरोलीला जा. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. हिवाळ्यापासून मेपर्यंत पक्षी असतात. तिथली बोट घड्याळावर नाही, भरतीवर सुटते. निघण्याआधी वेळ विचारून घ्या.

(मीठबंदर. संध्याकाळ. चिखलात रुतलेली होडी हळूहळू हलू लागते.)

पाणी चढतंय.