जुना कॉम्प्युटर, नवी एसएसडी: पैसे कशासाठी मोजायचे?

(ग्रंथालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरी २०१३ ते २०१८ च्या दरम्यान घेतलेला एखादा डेस्कटॉप किंवा लॅपटॉप असेल. आत १ टीबीची हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत काही मिनिटं जातात, आणि दुकानात नेला की "आता नवीनच घ्या" असं ऐकायला मिळतं. माझं म्हणणं, आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, टाकून पाहा. आणि ती घेताना खोक्यावर छापलेल्या वेगाच्या मोठ्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

मशीन मंद का वाटतं, ते आधी बघू. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या फिरते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं. त्याआधी हेड योग्य जागी सरकायला साधारण १० ते १२ मिलिसेकंद जातात. असं करून ती डिस्क सेकंदाला साठेक वेगवेगळ्या ठिकाणांहून माहिती वाचू शकते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो छोट्या फायली लागतात, त्याच वेळी अँटीव्हायरसही डिस्क मागतो आणि अपडेटही. बिचारा प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो. एसएसडीत फिरणारं काही नसतं. तिला एका ठिकाणचं वाचायला मिलिसेकंदाचा दहावा भाग लागतो. फरक शंभरपटीहून मोठा आहे, आणि तो चांगल्या कंपनीच्या सगळ्यात स्वस्त एसएसडीतही मिळतो.

आता खोक्यावरचा आकडा. साटा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या एसएसडीवर ५५० एमबी प्रतिसेकंद असं काहीतरी लिहिलेलं असतं, एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीच्या एसएसडीवर ३५०० किंवा ७०००. हा वेग एकच मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो. बँकेचं पान उघडणं, मुलांचा प्रोजेक्ट, फोटो, टॅली यांत सलग वाचन फार थोडं असतं. त्यामुळे ५५० वरून ३५०० वर गेल्याचं घरच्या कामात क्वचितच जाणवतं. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्याचं पहिल्या मिनिटाला जाणवतं. शिवाय २०१४ च्या आधीच्या बहुतेक मदरबोर्डवर एनव्हीएमईवरून विंडोज सुरूच होत नाही. अशा मशीनला अडीच इंची साटा एसएसडीच घ्या. बोर्ड साटाच्या जुन्या, साटा-२ प्रकारचा असला तरी चालेल. सलग वेग निम्म्यावर येईल, पण वाट बघणं तरीही संपेल.

लॅपटॉपमध्ये एम डॉट टूची, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा असेल तर खरेदीआधी मॉडेलचं मॅन्युअल उघडाच. त्या जागेत काही लॅपटॉप फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई. दोन्ही पट्ट्या दिसायला जवळजवळ सारख्या, ८० मिलिमीटर लांबीच्या, आणि चुकीची घेतली तर बसूनही चालत नाही.

पैसे जिथे खरोखर घालवावेत ती गोष्ट म्हणजे आतली मेमरी. टीएलसी प्रकारात एका पेशीत ३ बिट ठेवतात, म्हणजे विद्युतभाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत ४ बिट आणि १६ पातळ्या. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकं लिहिणं सावकाश आणि झीज लवकर. सॅमसंगच्याच दोन एसएसडी शेजारी ठेवून बघा: ८७० ईव्हीओ आणि ८७० क्यूव्हीओ. दोन्हींवर वाचन ५६० आणि लेखन ५३० असंच लिहिलंय. पण १ टीबीच्या क्यूव्हीओत सुमारे ४२ जीबी सलग लिहून झाल्यावर वेग ८० वर येतो. हे कंपनीनेच आपल्या माहितीपत्रकात दिलंय. ८० म्हणजे चांगल्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी. ईव्हीओला ५ वर्षं आणि ६०० टीबी लेखनाची वॉरंटी, क्यूव्हीओला ३ वर्षं आणि ३६० टीबीची. खोक्यावरच्या वेगावरून यातलं काही कळलं असतं का? म्हणून दुकानात वेग विचारू नका. टीएलसी आहे का, वॉरंटी किती वर्षांची आणि टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण किती टीबी लिहिण्याची मर्यादा, किती, हे विचारा.

टीबीडब्ल्यूची धास्ती मात्र नको. एखाद्या ५०० जीबीच्या एसएसडीची मर्यादा १८० टीबी असेल आणि तुम्ही रोज २० जीबी लिहीत असाल, तर ती गाठायला चोवीस वर्षं लागतील. घरात इतकं रोज कोणी लिहीतही नाही.

क्षमता ४८० ते ५१२ जीबी घ्या. २४० मध्ये विंडोज आणि अपडेट गेल्यावर फार थोडं उरतं, आणि भरत आलेली एसएसडी लिहायला मंदावते. ५०० च्या जागी ४६५ दिसलं तर फसवणूक समजू नका, कंपनी जीबी १००० च्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. फसवणूक वेगळीच असते: अनोळखी नावाची, २ टीबीची, अविश्वसनीय स्वस्त. आत छोटं मेमरी कार्ड निघतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, पक्कं जीएसटी बिल घ्या आणि सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर तपासा.

भाव उतरण्याची वाट बघत बसू नका. २०२३ मध्ये एसएसडी खूप स्वस्त झाल्या होत्या. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि मेमरी महागली. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. विकलेल्या मालाची वॉरंटी पाळू, असं त्यांनी सांगितलंय.

मागच्या ताईंनी विचारलंय, आधी रॅम की एसएसडी? ४ जीबी असेल तर जमल्यास दोन्ही. एकच जमत असेल तर एसएसडी. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर जागा शोधतं, आणि तीच डिस्क वेगवान झालेली असते.

काका विचारतायत, विंडोज १० चं काय? त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून २०१७ च्या आधीची मशीन अधिकृतपणे बसत नाहीत. नुसतं ब्राउझर, मेल आणि पत्रलेखन असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून पाहा. एसएसडीवर ते छान चालतं.

आणि जुन्या हार्ड डिस्कचं? ती फेकू नका, विकूही नका. सगळा डेटा नव्या एसएसडीवर आल्याची खात्री करा, मग तिला यूएसबीच्या केसमध्ये बसवा आणि महिन्यातून एकदा फोटो, कागदपत्रं तिच्यावर कॉपी करा. एसएसडीवरून पुसलेली फाइल ट्रिममुळे, म्हणजे पुसलेली जागा आतून रिकामी करणाऱ्या सोयीमुळे, परत मिळणं जवळजवळ अशक्य असतं, आणि एसएसडी बिघडते तेव्हा अनेकदा आधी आवाज नाही, इशारा नाही, एकदम दिसेनाशी होते. केस घेताना डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळ्या अ‍ॅडॅप्टरची वीज लागते, तेवढं बघून घ्या.