समोरच्याला गप्प बसू द्या

मित्रांनो, बातमीदारीच्या कामात येणाऱ्या नकारांबद्दल मी फार बोलणार नाही. हातात बूम, म्हणजे चॅनेलचा माइक, दिसला की लोक वाट बदलतात, "वेळ नाही" म्हणतात. चार-सहा महिन्यांत त्याची सवय होते. खरी अडचण माणूस बोलायला तयार झाला की सुरू होते.

आपण प्रश्न विचारतो आणि तो गप्प होतो. साध्या बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो? २००९ साली दहा भाषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे अंतर सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा निघालं. मग अनोळखी माणसासमोरची तीन सेकंदांची शांतता आपल्याला किती जड जात असेल! ती सोसवत नाही, म्हणून आपणच उत्तर पुरवतो. "घाबरला असाल ना?" तो "हो" म्हणतो. बाईट, म्हणजे बातमीत वापरायचं त्याचं वाक्य, मिळाला, पण त्यातला शब्द आपला.

हे किरकोळ नाही. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. वेग विचारताना काहींना मोटारी एकमेकींना 'धडकल्या' असं म्हटलं, काहींना 'जोरात आदळल्या'. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा पाहिल्या का? 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. एका क्रियापदाने एवढं होतं, आणि आपण तर नुकत्याच हादरलेल्या माणसासमोर उभे असतो.

मीही हे केलं आहे. घरातलं माणूस गेलेल्या एकाला विचारलं, "तुम्हाला राग आलाय का?" त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मथळ्यात 'संताप' होता. तो भेटायला आला आणि शांतपणे म्हणाला, "मला राग नव्हता आला हो. मला काही सुचतच नव्हतं." दुरुस्ती छापली, पण मथळा लोकांनी वाचून झाला होता.

त्यानंतर अशा घरी गेलो की वही लगेच काढत नाही. कोण, कुठून आलो ते सांगतो, नको म्हणाले तर परत फिरतो. "कसं वाटतंय?" हा प्रश्न मी सोडूनच दिला. "त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?" एवढंच विचारतो आणि थांबतो.

आणखी एक. 'ऑफ द रेकॉर्ड', म्हणजे हे छापायचं नाही, असं बोलण्याआधी ठरवायचं असतं हे पुढाऱ्याला ठाऊक असतं. त्याने बोलून झाल्यावर शब्द मागे घेतला तर मी ऐकत नाही. साध्या माणसाला हा नियम माहीत नसतो. त्याच्यासाठी मी तो लावत नाही, मग ऑफिसात संपादकांच्या डेस्कवर कितीही वाद होवो.

एका घरी एक बाई बराच वेळ जमिनीकडे पाहत बसल्या होत्या. मीही बसलो. मग त्या आपणहून बोलू लागल्या, जवळजवळ अर्धा तास. निघताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "शेवटी सांगितलं ना, तेवढं नका छापू."

ते मी इथेही सांगणार नाही.